मान झुकली की मंजूर

कारभार वेगवान हवा असेल तर माणसाचे डोके कामाला लावावे, हे सर्वमान्य आहे. उझबेकिस्तानातल्या मर्गिलान शहराच्या मोहल्ला समितीत ते मानेसकट लावण्यात आले.

अध्यक्ष तुर्दिअली यांना सरकारी चष्मा मिळाला. ज्याच्याशी प्रकरण संबंधित, तो माणूस समोर आला की त्याच्या शेजारी हवेत फाईल उघडे (तो नसताना उघडत नसे, पारदर्शकता). मान झुकवली की मंजूर, डावी-उजवीकडे हलवली की नामंजूर. हात चहाला मोकळे.

ताश्कंदच्या तज्ज्ञांकडून एक किरकोळ बाब राहून गेली. मर्गिलानमध्ये कोणी दारात आले की छातीवर हात ठेवून मान झुकवतात. बरे आहात ना? (मान.) मुलंबाळं? (मान.) गुडघा? (मान.) मंजुरीचे प्रमाण शंभर टक्क्यांवर गेले आणि तुर्दिअलींना पदक मिळाले.

मग मुकद्दस-ओपांचा (ओपा म्हणजे ताई) तंदूर पाडून गाड्या उभ्या करायला जागा करावी, असा एका ठेकेदाराचा प्रस्ताव आला. विधवा ओपा त्या तंदुरातल्या रोट्या विकूनच जगत होत्या. प्रस्ताव फेटाळायचा, असे तुर्दिअलींनी मनाशी पक्के केले होते.

"सलाम, तुर्दिअली. बायको बरी आहे ना?" ओपा दारातूनच म्हणाल्या.

मान झुकली. हवेत हिरवी खूण उमटली.

तुर्दिअलींनी घाबरून ताश्कंदला फोन लावला. तिकडून बोतिर नावाचा तज्ज्ञ म्हणाला, "सोपं आहे. त्यांच्याकडे बघून तीनदा नकारार्थी मान हलवा, मंजुरी रद्द."

"दारात आलेल्या थोरल्या बाईला? माझ्या सात पिढ्यांत असलं कुणी केलं नाही."

"मग निदान ताठ बसा."

ते ताठ बसले. ओपांना वाटले, पोराची मान धरली आहे. त्यांनी पदरची गरम रोटी दोन्ही हातांनी पुढे केली. रोटी घेताना मान झुकली आणि पुढचा प्रस्तावही मंजूर झाला (ओपांच्या घराची भिंत पाडण्याचा).

तंदूर पाडला त्या दिवशी तुर्दिअलींना रडू आवरेना. ओपांनीच त्यांची समजूत घातली.

पुढे चौकशी समिती आली. चष्मा चालू ठेवावा का, असे तिने मोहल्ल्याला विचारले. पाहुण्यांसमोर सगळ्यांनी छातीवर हात ठेवला. ठराव एकमताने मंजूर.

वाचकहो, तुम्ही असता तर ठाम नकार दिला असता, यात शंका नाही. फक्त तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत कुणाच्या तरी पोटावर पाय आणणारा ठराव वाचला गेला, तेव्हा तुमची मान कुठे होती तेवढे आठवून बघा. तुमच्या डोळ्यांवर तर चष्माही नव्हता.