ठाणेदाराची कात

रविवारी सकाळी संघपालराव इंगळे चहाचा कप घेऊन बैठकीत आले आणि बघतात तो काचेच्या पेटीत ठाणेदार आठही पाय वर करून उताणा पडलेला.

ठाणेदार म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी. त्यांच्या अश्विनने तो अकोल्याहून हौसेने आणला होता. नावही त्यानेच ठेवलं, कारण पेटीजवळ कोणी गेलं की हा पुढचे दोन पाय उगारून उभा राहायचा. अश्विनच्या हातावर मात्र मुकाट बसायचा. मागच्या पावसाळ्यात वलगावच्या रस्त्यावर ट्रकने अश्विनला उडवलं. हाताशी आलेला पोरगा गेला आणि मागे राहिला हा कोळी. माणसं भेटायला येत, फोटोला फूल वाहत आणि फोटोखालची पेटी दिसली की चहा न घेताच उठत.

हिवाळ्यात संघपालराव ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी नागपूरला गेले होते. परत आले तर ठाणेदार गरीब गाय झालेला. हातावर घ्या, उलटसुलट करा, हूं नाही की चूं नाही.

"कात टाकली त्यानं," त्यांची बायको माधवी म्हणाली होती. "कात टाकली का सभाव बदलते."

संघपालरावांना ते पटलं. पोरगा गेल्यापासून घरात सगळ्यांचाच स्वभाव बदलला होता, तिथे एकटा कोळीच कसा सुटेल? तेव्हापासून माधवी रोज संध्याकाळी त्याला तळहातावर घ्यायची आणि मगच तिच्या पोटात दोन घास जायचे. खोकलाही तिला तेव्हापासूनच लागला. तोही असा चमत्कारिक, की दिवसभर नाव नाही. संध्याकाळच्या वंदनेत पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, म्हणजे खोटं न बोलण्याच्या व्रताशी, नेमका उसळायचा. औषधाच्या बाटल्या झाल्या, पण गुण नाही.

आणि आता ठाणेदार उताणा. माधवी दर्यापूरला माहेरी गेली होती, संध्याकाळच्या बसने येणार होती.

"पोरगं गेलं, आता हाबी गेला," संघपालराव पेटीपाशी पुटपुटले. "माधवी काई हे सोसत नाई."

त्यांनी पेढ्याच्या रिकाम्या डब्यात कापूस अंथरला आणि ठाणेदाराला पुठ्ठ्यावर उचलून अलगद त्यात ठेवलं. हात जोडून त्रिशरण म्हटलं. पंचशील मात्र गाळलं, कारण संध्याकाळी बायकोशी खोटं बोलायचं होतं. मग डबा फ्रीजवर ठेवून त्यांनी अकोल्याची बस धरली.

अकोल्यात वकारचं रंगीत माशांचं दुकान होतं. अश्विनने ठाणेदार तिथूनच आणला होता.

"डिट्टो असाच पाह्यजे," संघपालरावांनी मोबाइलमधला फोटो दाखवला.

"हा घ्या काका. पण दिमाग गरम हाये याचा."

"आमचा तं लय शांत होता."

"मंग घरी सांगा का कात टाकली, सभाव बदलला. सगळे तसंच सांगतात." वकार डब्याला दोरी बांधू लागला. हे वाक्य कुठेतरी ऐकलंय असं संघपालरावांना वाटलं, पण त्यांचं चित्त बसच्या वेळेकडे होतं. "तुमचा मेला कसा?"

"उताणा पडला होता. पाय वर."

वकारचा हात थांबला. "ओ काका, उताणा पडला थो मेला नसते! कात टाकून राह्यला असन. मरते थो पालथा, पाय पोटाखाली आखडून. पुरला तं नाई न तुमी?"

"पेढ्याच्या डब्यात हाये."

"हवा हाये न त्याच्यात?"

संघपालराव नव्या कोळ्याचा डबा उचलून स्टँडकडे पळत सुटले. बसमध्ये मांडीवरचा नवा कोळी डब्याच्या भिंती खरडत होता आणि घरचा गुदमरला असेल या विचाराने यांचाच जीव गुदमरत होता.

घराचं दार उघडं होतं. माधवी आधीच्या बसने आली होती. टेबलावर पेढ्याचा डबा उघडा होता आणि ती त्याच्यासमोर पुतळ्यासारखी बसली होती. डब्यात एका बाजूला पोकळ कात पडली होती, आणि दुसऱ्या बाजूला ताजातवाना ठाणेदार पुढचे दोन पाय उगारून उभा होता. गरीब गाय आता खरोखरच बदलली होती.

"शेजारच्या शालूले पेढे द्यावं म्हणून डबा उघडला," ती म्हणाली. "आन् तुमच्या हातात काय हाये?"

लपवायला जागाच उरली नव्हती. ठाणेदार मेला समजून वकारकडून दुसरा आणला, एवढं संघपालरावांनी सांगून टाकलं. "तुले आखीन एक मरण दाखवाचं नोतं मले," ते म्हणाले.

माधवी हसली. पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

"म्हंजे तुमीबी वकारकडंच गेलते!"

"मीबी म्हंजे?"

"तुमी नागपूरले होते तवा अश्विनचा ठाणेदार मेला. मी तुमाले सांगतलंच नाई. हा शांतवाला मीच आणला अकोल्याहून." तिने डोळे पुसले. "त्या पयल्याले मांगं जास्वंदीखाली पुरला, या हातानं."

संघपालराव खुर्चीवर टेकले. रोज ज्याच्याशी पोराच्या गोष्टी बोललो, तो पोराचा नव्हताच. पण माधवीचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"थो उताणा पडला होता. पाय वर," ती हळूच म्हणाली. "डबा उघडला तवापासून थेच पाहून राह्यली मी डोयापुढं. हा कसा पडला होता हो?"

ती काय विचारते आहे ते संघपालरावांना नीट कळलं. पण आवाज त्यांनी ऑफिसातल्यासारखा कोरडा ठेवला.

"पालथा. पाय पोटाखाली आखडून. वकारनंच सांगतलं, कात टाकताना तसाच पडते. उताणा पडला थो मेलाच समजाचा."

"खरं?"

"खरं. तू बरोबरच केलं."

माधवीने मोठा श्वास सोडला आणि चहा टाकायला आत गेली.

संध्याकाळी अश्विनच्या फोटोखाली दोन पेट्या होत्या आणि दोन ठाणेदार काचेआडून एकमेकांवर पाय उगारून उभे होते. नवराबायको वंदनेला बसले. पंचशील सुरू झालं. चौथं शील आलं तेव्हा माधवीचा आवाज स्वच्छ, खणखणीत निघाला, खोकल्याचा मागमूस नाही. संघपालरावांच्या मात्र घशात काहीतरी अडकलं आणि ते असे खोकले, असे खोकले, की डोळ्यांतून पाणी आलं.

वंदना झाल्यावर माधवी बाटली आणि चमचा घेऊन आली.

"माह्यं औषध उरलं हाये. घ्या."

संघपालरावांनी दोन चमचे मुकाट घेतले.