भालेराव काका आणि पोटातली हवा

आमच्या तिलक नगरातल्या गल्लीत लहान मूल दिसलं की भालेराव काका त्याच्या पोटावर दोन बोटं टकटक वाजवतात आणि मान तिरकी करून ऐकतात. "हवा आहे," एवढंच म्हणतात. काका मूळचे भुसावळचे, रेल्वेतून जयपुरात निवृत्त झालेले. नोकरीभर गाड्यांची चाकं हातोडीनं ठोकायची आणि आवाजावरून तडा ओळखायचा. चाकं सुटली, हाताची सवय राहिली.

हल्लीची पोरं जेवत नाहीत, हवा गिळतात, असा त्यांचा सिद्धांत. मोबाइल बघत घास कोंबतात, रडता रडता दूध पितात. "घरटी एक तरी आहे, लिहून घे." समोरच्या घरातल्या मुलानं मोठा ढेकर दिला, तर काका गॅलरीतून हात उंचावून दाद देत. मी हसायचो.

आमची रेवा तेरा वर्षांची. सकाळी तिचं पोट सपाट, रात्री जेवणानंतर ढोलकीसारखं. दुखतं म्हणायची. अभ्यास टाळायचा बहाणा आहे, असं मी तिच्या तोंडावर म्हणालो, तेही दोनदा. आठवलं की अजून मान खाली जाते. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या. ते म्हणाले, ही हवा गिळते. वाढत्या मुलांत हे आपल्याला वाटतं त्याहून जास्त दिसतं, घरचे सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. कधी गिळते, ते बघा.

मी काकांना जेवायला बोलावलं.

घरात माझा एक नियम होता: ताटावर फक्त मराठी. रेवा जयपुरातच वाढलेली, तिची मराठी जाईल याची मला धास्ती. त्या दिवशीही मी विचारलं, शाळेत काय झालं? "आज मॅमनी, मतलब..." मी नुसतं तिच्याकडे बघितलं. तिनं आवंढा गिळला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा गिळला.

काकांनी भाकरी खाली ठेवली.

"सुनील, पोरगी शब्द शोधते अन् तेवढा वेळ हवा गिळते. तडा तिच्यात नाही रे."

मग ते तिच्याकडे वळून आपल्या भुसावळी हिंदीत म्हणाले, "बेटा, क्या हुआ स्कूल में, हमको बताओ." माकडानं मॅमचा डबा कसा पळवला, ते रेवानं एका दमात सांगितलं, माकडाची नक्कलसुद्धा केली. ताटावर ती इतकं बोललेली मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

नियम त्याच दिवशी मोडला. महिन्याभरात पोटही उतरलं. मी काकांचे आभार मानायला गेलो आणि विचारलं, तुम्हाला इतक्या लवकर कसं कळलं?

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"बंगलोरचा नातू फोनवर हिंदीत बोलायचा. मी म्हटलं, मराठीत बोल, नाहीतर बोलू नको."

चष्मा पुसून झाला, तरी त्यांनी तो घातला नाही.

"ऐकलं त्यानं."