हरित बॉयलराची स्वारी आणि ओल्या भुशाचा रणसंग्राम

श्रीवाफ प्रसन्न. विज्ञापना ऐसी जे, थोरामोठ्यांनी गड घेतले, मुलूख मारिले, त्यांच्या हकीकती लिहिणारे उदंड जाहले. परंतु चादरी धुण्याच्या एका कारखान्यात बॉयलर बसविताना केवढी अक्कल पाजळली गेली आणि ती किती वेळ जळली, याचा करीना कोणी लिहून ठेविला नाही. सबब आम्ही, कारखान्याचे आवकजावक कारकून, डोळ्यांनी पाहिले व कानांनी ऐकिले ते यथास्थित लिहितो. ज्यास खोटे वाटेल त्याने येऊन धुराडे पाहावे, अजून काळे आहे.

कारखाना हुजूर मालकीणबाईंचा. सकाळी इस्पितळाच्या मळक्या चादरी याव्यात, आणि यंत्रांत उकळाव्यात, आणि तापल्या रुळाखालून कडक होऊन संध्याकाळी पाचाच्या आत परत जाव्यात, ऐसा शिरस्ता. हे सर्व वाफेच्या बळावर. आणि वाफ तेलाच्या जुन्या बॉयलराची. आणि बॉयलर आगवाल्याच्या हाती. आगवाला म्हणजे कोणी मोठा सरदार नव्हे. खाकी सदरा, भाजलेली मनगटे, बोलणे बेताचे. परंतु सव्वीस वर्षे त्याने दाबाचा काटा आठाच्या खाली उतरू दिला नाही, आणि याची दखल सव्वीस वर्षांत कोणी घेतली नाही.

ऐसे सुरळीत चालिले असता इस्पितळाचा खलिता आला जे, इतउत्तर जो कारखाना पुन्हा निर्माण होणाऱ्या इंधनावर चालेल त्यासच चादरी मिळतील. मालकीणबाई चिंतेत पडल्या. मग राजमान्य राजश्री जावईबापू पुढे सरसावले. हे मालकीणबाईंच्या कन्येचे यजमान. दोन दिवसांचे शिबिर करून हरित सल्लागार जाहले होते, आणि तेव्हापासून घरात पंखा लावायचा तरी आधी व्याख्यान देत.

जावईबापूंनी मसलत मांडिली ती ऐसी. लाकडाचा भुसा दाबून बोटभर लांबीच्या कांड्या करितात, त्यास पेलेट म्हणावे. तेल जमिनीतून एकदा उपसले की संपले. झाड पुन्हा उगवते. जे कुजून वाया जायचे ते जळून कामी येते. वाढताना झाडाने जेवढा धूर प्यायला तेवढाच जळताना परत देते, सबब फिटंफाट. आणि मुख्य कलम हे जे, नवा बॉयलर आपल्या हाताने जेवतो. वरच्या डब्यात पेलेट ओतावे, खालचा स्क्रू फिरून ते आगीत ढकलील, माणूस लागत नाही. सबब आगवाल्यास निरोप द्यावा.

यावर आगवाल्याने अर्ज गुजारला जे, भुसा वाईट नाही, सुका असेल तर झकास जळतो, त्याची राखही झाडांस घालता येते. परंतु तो कोरडा ठेवावा लागतो, राख दररोज ओढावी लागते, नळ्या घासाव्या लागतात. हे न केल्यास तेलापेक्षा दुप्पट धूर. आणि झाड तीस वर्षे धूर पिते, बॉयलर तो एका दुपारीत ओकतो. मधली तीस वर्षे तो धूर कोणी हुंगायचा, एवढे साहेबांनी सांगावे. जावईबापू मंद हसले आणि म्हणाले जे, ज्याची रोटी जाते तो ऐसेच बोलणार. सदरेवर सर्वांनी माना डोलाविल्या. आम्हीही डोलाविली, खोटे कशास लिहावे?

मग मालकीणबाईंचा हुकूम जाहला तो ऐसा. नवा बॉयलर बसवावा आणि तीन दिवस एकट्याने चालवावा. तिसऱ्या दिवशी पाचापर्यंत चादरी वेळेवर गेल्या तर आगवाला बडतर्फ. वाफ पडली तर नवा बॉयलर परत, आगवाला कायम. तोवर त्याने बॉयलरास हात लावू नये. जावईबापूंनी जमिनीवर खडूने रेघ मारिली, पलीकडे एक स्टूल ठेविले आणि त्यावर सव्वीस वर्षांचा अनुभव बसविला.

विश्वास ऐसा दांडगा की जावईबापूंनी तेलाची टाकी रिकामी करून वरून कापविली आणि आत माती भरून फुलझाडे लाविली. मग रसद आली. अठरा चाकांचा ट्रक तीन दिवस तीन रात्री डिझेल पीत, धूर सोडीत, पर्यावरण वाचवीत पेलेट घेऊन आला. पलीकडच्या गल्लीत सुताराचा कारखाना; तो दररोज पोतेपोते भुसा आणि ढलप्या मागल्या अंगणात जाळून टाकी. त्यास कोणी विचारिले नाही, कारण तो जवळ होता आणि त्याजपाशी रंगीत माहितीपत्रक नव्हते.

पहिला दिवस फत्ते. काटा आठावर, आग पिवळीधमक, जावईबापू फुशारलेले. आगवाल्यानेही स्टुलावरून कबूल केले जे, जळतंय छान. खरे ते खरे म्हणणारा गडी.

दुसऱ्या दिवशी गनीम प्रकटला. पोती ओतताना पेलेटांची पिवळी धूळ उडू लागली आणि धुतल्या चादरींवर बसू लागली. आता हा कारखाना धुलाईचा. येथे कोणत्याही संकटावर उपाय एकच, पाणी. सुरकुती पडली, शिंपडा. कापड ताठले, शिंपडा. जावईबापूंनी इस्त्रीखात्याच्या मावशींस फर्मान दिले जे, आपली फौज घेऊन साऱ्या पेलेटांवर पाणी शिंपडावे, म्हणजे धूळ बसेल. मावशींनी विचारिले, कपड्यावर मारतो तसे की जास्त? जावईबापूंनी आज्ञापिले, जास्त. आगवाला स्टुलावरून उठला आणि हात जोडून म्हणाला जे, साहेब, ओले करू नका, हा भुसाच आहे, फुगेल. जावईबापूंनी याची नोंद फितवा म्हणून केली आणि त्यास खाली बसविले. मग सहा बायांनी सहा बाटल्यांनी सारी पोती मायेने भिजविली. धूळ बसली. जावईबापूंनी तिचे छायाचित्र काढिले.

तिसरा दिवस उजाडला. तीन वाजता इस्पितळाच्या मेट्रनबाई पाहणीस येणार. त्यांच्यापुढे भाषण करावे म्हणून जावईबापूंनी अंगणात कोऱ्या फळ्यांचा मंच उभारविला होता. इकडे पेलेट रात्रभर फुगून डब्यात लापशी जाहले. दुपारी एक वाजता स्क्रू कण्हला आणि थांबला. आग काळवंडली, धुराड्यातून ऐसा धूर निघाला की दोरीवरच्या साठ चादरी राखाडी जाहल्या. काटा आठाचा सात, सातावरून पाच, पाचावरून तीन. जावईबापूंनी माहितीपत्रक पहिल्या पानापासून वाचावयास घेतले. मग त्यांनी स्क्रूस लाथ मारिली, मग बुटाकडे पाहिले, मग पुन्हा माहितीपत्रकाकडे. तेलाचा बॉयलर पेटवावा तर टाकीत झेंडू.

सहाशे चादरी यंत्रांत ओल्या पडून होत्या आणि सकाळी इस्पितळात शस्त्रक्रिया होत्या. सर्वांच्या नजरा स्टुलाकडे वळल्या. मावशी रेघेपाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, “भाऊ, उठू नका. पाचापर्यंत नुसतं बसलात तरी नोकरी तुमची.”

आगवाला काट्याकडे पाहत होता. घरी बायको, धाकटीचे शिक्षण अर्ध्यावर, आणि या वयात दुसरीकडे कोण ठेवून घेणार, हे सारे तो जाणून होता. आम्हीही जाणून होतो आणि मनात म्हणत होतो, बस बाबा, बस. तो म्हणाला, “उद्या त्या चादरीवर कोणीतरी पोट उघडं करून झोपणार आहे, मावशी. त्याचं माझ्याशी काय भांडण?”

आणि त्याने हातमोजे चढविले आणि खडूची रेघ ओलांडिली.

पुढील रणकंदन लिहिताना आमची लेखणी घामेजते. प्रथम त्याने भट्टीचे दार उघडून आतली लापशी फावड्याने ओढून बाहेर काढिली, आणि जाळी मोकळी केली, आणि दोन दिवसांची राख, जी आपोआप निघेल ऐसे ठरले होते, ती तीन घमेली भरून उपसली. मग सुक्या लाकडासाठी चौफेर नजर फिरविली आणि ती मंचावर ठरली. जावईबापू आडवे आले आणि हा मंच भाषणाचा आहे म्हणून गर्जले. मालकीणबाईंनी विचारिले, “लाकूडच आहे ना? पुन्हा उगवतं म्हणाला होतात.” मंच पावणेदोनास पडला. मावशींच्या फौजेने फळ्या मोडून दिल्या. सुतारास खबर पोहोचताच तो हातगाडीवर चार पोती कोरड्या ढलप्या घेऊन कुमकेस धावला. आगवाला हाताने थोडे थोडे घाली, हवेचे झाकण बोटभर उघडी, आवाज ऐकी, पुन्हा बोटभर मिटी. धूर काळ्याचा करडा जाहला, करड्याचा पांढुरका, मग दिसेनासा. काटा चार, पाच, सहा, आणि तीनाच्या ठोक्यास आठ.

मेट्रनबाई आल्या. जावईबापूंनी पालथ्या बादलीवर उभे राहून बायोमासाचा महिमा वर्णिला आणि हे यंत्र मानवी हस्तक्षेपाविना कैसे चालते ते सांगितले. मागे आगवाला घामाने निथळत ढलप्या भरीत होता. मेट्रनबाई भाषण ऐकत राहिल्या, डोळे मात्र त्याजकडे. साठ राखाडी चादरी पुन्हा धुतल्या गेल्या. पाचास दहा मिनिटे असता सहाशे साठच्या सहाशे साठ गाडीत चढल्या. मेट्रनबाईंनी चादरींच्या कंत्राटाची सनद दिली. सनदेसोबत एक तक्ता भरावयाचा होता; त्यात सवाल होता, चालविण्यास माणूस लागतो काय. जावईबापूंनी ठळक अक्षरांत ‘नाही’ लिहिले आणि खाली सही ठोकिली.

मग सदर भरली. ठरावाप्रमाणे चादरी वेळेत गेल्या, सबब आगवाला बडतर्फ. तो न बोलाविता आला, आणि बॉयलरखान्याची किल्ली टेबलावर ठेविली, आणि मोजे घडी घालून किल्लीशेजारी ठेविले. म्हणाला एवढेच जे, भुसा सुताराकडूनच घ्यावा, आणि पत्र्याखाली ठेवावा, आणि ओला करू नये. आम्हांस त्या दिवशी मान डोलाविली होती ती आठवली.

मालकीणबाईंनी तक्ता हाती घेतला आणि बराच वेळ वाचिला. मग जावईबापूंकडे पाहून म्हणाल्या, “माणूस लागत नाही हे बरोबर लिहिलंत. कोणता माणूस, ते तेवढं राहिलं.” आणि लेखणी घेऊन त्यापुढे आपल्या हाताने लिहिले, हरित सल्लागार. मग किल्ली आणि मोजे आगवाल्याकडे सरकविले आणि म्हणाल्या, “जावईबापू, रविवारी घरी जेवायला या. नोकरी पाहिजे असेल तर मात्र सकाळी पावणेसातला इथे या, यांना राख ओढायला हाताखाली कोणीतरी हवं आहे.”

येणेप्रमाणे हरित बॉयलराची फत्ते जाहली. सुताराशी तह होऊन त्याचा भुसा आता हातगाडीवर येतो आणि पत्र्याखाली कोरडा राहतो. धूर अजून होतो, कमी होतो. राख निघते, ती टाकीतल्या झेंडूस घालितात. खडूची रेघ मावशींनी पाणी शिंपडून पुसली. पावणेसात वाजता जावईबापू खोरे घेऊन रुजू होतात, आगवाला त्यांस हवेचे झाकण किती उघडावे ते दाखवितो, आणि काटा आठावर असतो.