दहा मिनिटांची डबी

"दिवसातून तीनदा, गुडघा वाकवून दहा मिनिटं. कमी केलीत तर पाय काठीसारखा ताठ राहील," ऑपरेशननंतर फिजिओबाईंनी बजावलं होतं. बाबा मात्र दोन मिनिटांत "झाली दहा!" म्हणून पाय पसरायचे.

त्यांचा धाकटा चिमुकल्या यंत्रांचे प्रोग्राम लिहायचा. पडून असलेल्या जुन्या चिपची त्याने डबी केली. बटण दाबा, दहा मिनिटांनी वाजेल. वेळ काटेकोर हवी म्हणून सेकंदाचे हजार तुकडे करून मोजले. तपासायला दहा मिनिटं कुठून आणायची? एका मिनिटावर लावून पाहिली, नेमकी वाजली. दिली पाठवून.

"डबी कशी आहे, बाबा?"

"झकास! फक्त जरा..."

"दहा मिनिटांनी करतो हं फोन."

तो राहूनच जाई.

तिसऱ्या आठवड्यात फिजिओबाईंचाच फोन आला. "गुडघा सुरेख वाकतोय. पण अंगठा का सुजलाय हो?"

धाकटा धावत घरी गेला. बाबा पलंगावर गुडघा वाकवून बसलेले. बटण दाबलं. दहा सेकंदांत ट्यँ! पुन्हा दाबलं.

"अहो बाबा, हे काय..."

"गप. अडतीस! मोजणी चुकेल. एकोणसाठ झाले की दहा मिनिटं भरतात. घड्याळ लावून पाहिलंय मी."

धाकट्याने कपाळावर हात मारला. चिपचं माप साडेपासष्ट हजार तुकड्यांचं, आणि त्याने ओतले होते दहा मिनिटांचे सहा लाख! नऊ वेळा भरून नऊ वेळा रितं झालं, तळाशी उरले दहा सेकंद. एक मिनिट तेवढं त्या मापात मावत होतं.

"मग घड्याळ बघूनच करायचं ना!"

"आणि तू केलेली डबी काय शोभेला ठेवू?"

"मला सांगायचं तरी!"

"तुझी दहा मिनिटं तीन-तीन दिवसांची, हिची दहा सेकंदांची. म्हटलं, सरासरी ठीक आहे."

धाकटा हसता हसता थांबला. त्याने तिथेच बसून डबी नुसते सेकंद मोजायला लावली. सहाशेच तर होते, सहज मावले. मग बटण दाबून तो बाबांच्या पायाशी बसला. टाचांना भेगा पडल्या होत्या, कधीपासून कोण जाणे. दहा मिनिटं एवढी लांब असतात हे त्याला ठाऊकच नव्हतं.

ट्यँ!

"जमली?" त्याने विचारलं.

"जमली की," बाबा सुजलेला अंगठा चोळत म्हणाले. "पण जुनीच बरी होती रे. घडीघडीला हाक तरी मारायची."