हौसाचा पाय

शेवटचं म्हणून आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर जीपच्या ब्रेकातली हवा काढली. तीन चाकांची झाली. चौथ्याच्या वेळी हौसा म्हणाली, "भाकऱ्या टाकायच्यात. उद्या सकाळी बघू." आणि उतरली.

हौसा म्हणजे माझी बायको.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पाय नुसता खाली जातो, गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकापाशी आडवं होऊन बारका नट ढिला करायचा, की फसफसत तेल येतं, हवा जाते. नट आवळेपर्यंत आतल्यानं पाय हलवायचा नाही. हलवला की हवा परत आत. चाकापाशी मी, आत हौसा.

आता हौसा पेडल नुसतं दाबत नसे, कुणाच्या तरी नावानं दाबायची. चप्पल बाहेर काढायची, पेडलला हात लावून पाया पडायची आणि मग सुरू. "हा दूधवाल्याचा, पानी घालतो दुधात." "हा ग्रामसेवकाचा, कवा जागंवर नसतो." गावात तिचं कुणाशी वाजलंय ते मला चाकाखालीच कळायचं.

सगळ्यात कडक दाब थोरलीच्या नावाचा. थोरली म्हणजे माझी वैनी, हौसाची जाऊ, भिंतीला भिंत लावून राहते. मागच्या डाव्या चाकाची हवा लय हट्टी. ती निघेना की मीच खालून ओरडायचो, "हौसा, थोरलीला घे परत." की निघालीच.

मी लोणावळ्यात टुरिस्ट फिरवायचो तेव्हाची गोष्ट. एका गॅरेजवाल्यानं नट अर्धाच आवळला होता. उतारावर माझा पाय पार तळाला गेला. गियर पाडत, डोंगराला गाडी घासत थांबलो. घरी येऊन सांगितलं तर हौसा रडली नाही की काही नाही. म्हणाली, "आता ब्रेकाला परका हात लावायचा न्हाई. मी बसती."

आणि बसली तर कशी बसली. एकदा मधेच तेल संपलं. नट आवळला आणि गेलो कामशेतला तेल आणायला. तिथं एकजण भेटला, चहा झाला. परत येतो तर ही पेडलवर पाय रोवून बसलेली. मांडीवर मेथीची जुडी निवडून झालेली, आणि खिडकीशी दोन बाया गप्पा मारत उभ्या.

"अगं, पाय काढायचा की."

"तुमी सोड म्हनला न्हाई."

"नट आवळला होता मी."

"मला काय ठावं तुमच्या चाकातलं? घाटात कोन मेलं तर माज्या पायानं नको."

हे तिनं मला सहा महिने ऐकवलं.

तर चौथं चाक राहिलं, आणि त्याच रात्री हौसा झोपेत गेली. दीड महिना जीप अंगणात दगडावर तशीच. मला कुठं जायचं नव्हतं, आणि त्या सीटवर कुणाला बसवायचं नव्हतं. दोनदा पाना घेऊन गेलो आणि माघारी आलो. जावई म्हणाला, गॅरेजला ओढून नेऊ. त्याला म्हणालो, तू तुझं काम बघ.

मग सुनी आली, माझी लेक. कामशेतला दिलीय. म्हणाली, "आबा, हे एकट्याला बी जमतं. नळीचं टोक बाटलीत तेलात बुडवून ठेवायचं, मग हवा परत जात न्हाई. मी आईला मोबाईलवर दाखवलंवतं."

"कवा?"

"झाली चार वर्सं."

"मग बोलली न्हाई ती?"

सुनी खाली बघून बोलली. "म्हनली, तुज्या बाला सांगू नको. येरवी त्यो माजं ऐकून घेतो व्हय? चाकाखाली आडवा पडला की कुटं पळून जात न्हाई."

मी उठून गुरांना पाणी पाजून आलो. पाजलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली, बाटली धुतली. मग बाटली तशीच पालथी घातली आणि वैनीच्या दारात गेलो.

"वैनी, जरा जीपमधी बसता का? पेडल दाबायचंय."

वैनीचे गुडघे धरलेले. तरी आली. न सांगता चप्पल बाहेर काढली. बसता बसता म्हणाली, "भावजी, भिंतीतनं समदं ऐकू यायचं मला. थोरलीला घे, म्हनायचा, ते बी."

मी पाना घेऊन आडवा झालो. "दाबा," म्हणालो.

मग पेडल कडक खाली गेलं.

"हा हौसाचा," वैनी म्हणाली. "न सांगता गेली भवानी."

मी नट ढिला केला. हवा लय निघाली. नट आवळला, पण 'सोडा' म्हणायला जरा उशीर केला.