माने मॅडम बघून सांगतात

माने मॅडमना किती वाजले असं विचारलं, तर त्या म्हणतात, "बघून सांगते." त्यात काही वावगं नाही, घड्याळ बघावंच लागतं. पण निवृत्तीला आलेल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकेला एखाद्या पोरीनं भर वर्गात विचारावं, की घरात आणलेली तुळस रुसल्यासारखी का होते, आणि तिथंही हेच उत्तर मिळावं, म्हणजे नवी मुलं एकमेकांकडं बघायला लागतात. जुनी मुलं निवांत असतात. उत्तर येणार हे त्यांना ठाऊक असतं. कधी येणार, ते मात्र कुणीच सांगू शकत नाही.

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवतो. एकदा स्टाफरूममध्ये मी सहज म्हणालो, की आमचा कुंडीतला कढीपत्ता वाढत नाही. रविवारी सकाळी मॅडम खुरपं घेऊन दारात. बायकोनं चहा टाकेपर्यंत कढीपत्ता मुळासकट वर्तमानपत्रावर आडवा झाला होता.

"मुळं कोंडलीत," मॅडम म्हणाल्या. "माणूस असता तर ओरडला असता. मोठी कुंडी आणा." चहा न घेताच त्या गेल्या.

वडूजकडचा त्यांचा एक विद्यार्थी सैन्यात गेला. बर्फातल्या ठाण्यावर त्याला मॅडमचा फोन आला. कॉलेजात असताना त्यानं विचारलं होतं, आमच्या बांधावरची एकच बाभळ तिरकी का वाढली? मॅडम त्याच्या रानात जाऊन बघून आल्या होत्या. सुट्टीवर आल्यावर तो मला म्हणाला, "लय थंडी हुती सर, पण मी सावधानमध्ये उभा राहून ऐकलं."

तर अशा या मॅडमचं नाव आम्ही संस्थेच्या उत्कृष्ट प्राध्यापक पुरस्कारासाठी पाठवायचं ठरवलं. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार, म्हणजे ही शेवटची संधी. प्रस्तावाचं काम माझ्याकडं आलं. चर्चासत्रांची, शिबिरांची प्रमाणपत्रं जोडायची होती. मी मागितली, तर मॅडम मला कॉलेजच्या बागेत घेऊन गेल्या. प्रत्येक रोपाशेजारी नावाची पट्टी रोवलेली होती. प्रमाणपत्रं लॅमिनेट करून त्यांच्याच पट्ट्या कापलेल्या.

"पावसात भिजत नाहीत," त्या म्हणाल्या.

मी वाकून एक पट्टी उलटी केली. पुढं 'अडुळसा', मागं 'प्रमाणित करण्यात येते की'. शेवटी मी बागेचेच फोटो काढून जोडले.

पाहणीला सांगलीहून समिती आली. अध्यक्ष एक निवृत्त प्राचार्य होते, बोलायला गोड माणूस. वर्ग बघून झाला आणि त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या शिकवण्याचं वैशिष्ट्य काय?"

मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी मनात म्हणत होतो, आज नको, आज तरी नको.

"बघून सांगते," त्या म्हणाल्या.

"आम्हाला गुण आजच भरायचेत हो."

"मग रकाना मोकळा ठेवा. कच्चं उत्तर देऊन काय करू?"

अध्यक्ष हसले. निकाल मला तिथंच कळला.

तरीही पुरस्काराच्या कार्यक्रमाला नाव पाठवलेल्या सगळ्यांनी यायचं, असा निरोप होता. मी मॅडमना माझ्या गाडीतून सांगलीला नेलं. पुरस्कार दुसऱ्या कॉलेजातल्या एका तरुण प्राध्यापकाला मिळाला. माणूस चांगला होता, मॅडमनी टाळ्याही मनापासून वाजवल्या. जेवणाच्या वेळी त्या ताट हातात घेऊन थेट अध्यक्षांसमोर उभ्या राहिल्या.

"सर, तुम्ही वैशिष्ट्य विचारलं होतं."

अध्यक्षांना आठवायला जरा वेळ लागला.

"मला अजून वर्गात जायची भीती वाटते," मॅडम म्हणाल्या. "आपण चुकीचं सांगू आणि पोरं ते जन्मभर खरं धरून चालतील, ही भीती. म्हणून मी बघून सांगते. दुसरं काही वैशिष्ट्य नाही."

अध्यक्षांनी हातातला घास ताटात ठेवला. "हे त्या दिवशी सांगायचं होतंत मॅडम."

"त्या दिवशी मला माहीत नव्हतं," मॅडम म्हणाल्या आणि भात घ्यायला गेल्या.

परतताना आम्ही पेठ नाक्याला पोचलो. मॅडमना असल्या गोष्टींचं काही वाटत नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. मी रेडिओ लावणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, मिळेल. आईला सांगून बसले."

मी रेडिओ लावला नाही.

मलकापुरात त्या आणि त्यांची आई, दोघीच राहतात. गाडी थांबली तेव्हा म्हातारी उंबऱ्याच्या आत उभी होती. हातात औक्षणाचं ताट, निरांजन, कुंकू, साखरेची वाटी.

"मिळालं का गं?"

"न्हाई आये. दुसऱ्या एका सरांना मिळालं."

म्हातारीनं निरांजनाची वात पुढं सारली. मग म्हणाली, "मिळू दे की त्यास्नी. मी वाती वळून ठेवल्यात, त्या काय फेकून देऊ व्हय? उभी ऱ्हा हितं."

"आये, सर बघतायत."

"बघू देत. आवं सर, आत या, दारात नका थांबू."

म्हातारीचा हात लेकीच्या कपाळापर्यंत पोचत नव्हता. माने मॅडम खाली वाकल्या. कुंकू लागलं, ताट सावकाश ओवाळलं गेलं, साखर तोंडात पडली. मॅडमनी डोळे मिटून घेतले होते आणि साखर संपली तरी त्या तशाच वाकून उभ्या होत्या.