मेजरची गाडी

शशिकांतने कर्जफेडीचा तक्ता स्वयंपाकघराच्या दारामागे खळीने चिकटवला, तेव्हा त्यात पाच नावं होती: कल्याणचा सराफ, किराणा, दूध, डॉक्टर आणि कारखान्यातली उचल. महिनाभरात पाचही नावं होती तशीच राहिली आणि सहावं आलं. मेजरची गाडी.

मेजर हा कुत्रा. अंबरनाथच्या कारखान्यातले गोरे साहेब सहा महिन्यांच्या रजेवर विलायतेला गेले, ते त्याला आपल्या कारकुनाच्या स्वाधीन करून. सोबत एक घोंगडी आणि एक शिट्टी दिली. खर्चाला काही दिलं नाही आणि मागायचं शशिकांतला सुचलं नाही. मोटारीच्या मागच्या सीटवर वाढलेला मेजर चार पावलं चालला की रस्त्यात बसे आणि कोणी तरी दार उघडेल म्हणून वाट बघे.

आता साहेब परत आले होते. येत्या रविवारी चार वाजता कुत्रा बदलापूरला, बेलवलीच्या बंगल्यावर पोचवायचा होता.

"सायकलच्या मागे जोडायची दोन चाकी गाडी," शशिकांत म्हणाला. "निर्वासितांच्या कॅम्प पाचमधला लोकूमल मिस्त्री करून देतोय. पंचेचाळीस रुपये."

नीलिमाच्या एका हातात थालीपिठाचं पीठ होतं आणि दुसऱ्या हातावर दीड वर्षाची कुंदा. "पंचेचाळीस कुठले?"

"तांदळाच्या डब्यातले."

डब्यात बासष्ट रुपये होते. कुंदाच्या बाळंतपणात नीलिमाच्या पाटल्या सराफाकडे गेल्या होत्या, त्या सोडवायला नव्वद लागत होते. अक्षय्यतृतीयेला तिच्या धाकट्या बहिणीचं, मालिनीचं लग्न. पाटल्या पॉलिशला दिल्यात, असं तिने माहेरी कळवलं होतं. पॉलिश दीड वर्ष चाललं होतं.

"अगं, हा खर्च नाही, ही कर्जफेडच आहे," शशिकांतने कानावरची पेन्सिल काढली. "हेडक्लार्क जूनमध्ये रिटायर होतोय. साहेबांचा कुत्रा असा थाटात उतरला की खुर्ची कुणाला मिळेल? तीस रुपयांची वाढ. तीन महिन्यांत पाटल्या, चार महिन्यांत किराणा. वर्षाअखेर तक्ताच फाडून टाकू."

"लग्न तीन आठवड्यांवर आलंय."

"कळव, पॉलिश अजून ओलं आहे."

लोकूमलने बाबागाडीची चाकं, वेताची बैठक आणि पत्र्याचं छप्पर जमवून गाडी केली. छपराचे पाच वेगळे, स्प्रिंगांचे सहा वेगळे. "साईं, इसमें तो घर का आदमी भी बैठ सकता है," तो म्हणाला. डब्यात सहा रुपये उरले.

रविवारी जेवणं आटोपल्यावर शशिकांतने घोंगडी अंथरली आणि मेजर आपणहून आत चढून बसला. सहा महिन्यांनी का होईना, कोणी तरी दार उघडलं होतं. शशिकांत सायकलवर टांग टाकणार, तोच त्याच्या आई आतून पूजेचं ताट घेऊन आल्या. त्यांना घरीदारी सगळे माईच म्हणत.

"नवं वाहन पूजेशिवाय बाहेर जात नाही."

"माई, कुत्र्याची गाडी आहे ती."

"चाकं आहेत ना?"

चाकांखाली लिंबं ठेवली. छपराला झेंडूची माळ बांधली. पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि उरलेलं बोट मेजरच्या कपाळाला पुसलं. तोपर्यंत मेजर खूश होता. मग माईंनी चाकाजवळच्या दगडावर, बरोब्बर त्याच्या कानाखाली, नारळ फोडला. पत्रा ढोलासारखा घुमला आणि मेजर थेट पलंगाखाली गेला.

भाकरी दाखवली, तूप लावून दाखवली. शेवटी शशिकांतने हाडूक आणलं. मेजरने ते घेतलं आणि आणखी आत सरकला.

"तुम्हीच बसून दाखवा की त्याला," शेजारच्या कौसाबाई म्हणाल्या. "तुमचं बघून शिकंल."

तीन वाजत आले होते, म्हणून शशिकांत बसला. गुडघे कानाशी, तोंडात शिट्टी. मेजरने पाहिलं नाही. बाकी सगळ्या चाळीने पाहिलं. कुंदा टाळ्या पिटायला लागली.

अखेर मेजरला ओढून बाहेर काढला आणि त्याची दोरी हँडलला बांधली. गाडीचा पत्रा मागे खडखडला मात्र, मेजर जन्मात पहिल्यांदा धावला. गाडी जितकी मागे येई, तितका तो पुढे पळे. शशिकांतला पेडल मारायचीही गरज उरली नाही. वाटेत जनू शेतकरी बैल थांबवून बघत राहिला.

"कुत्रा धावतंय नि गारी रिकामी, असा कशाला रं दादा?"

चार मैल असे गेले.

साहेब बेहद्द खूश झाले. कुत्रा बारीक झाला होता, चपळ झाला होता. आता हेडक्लार्कचं काढावं म्हणून शशिकांतने घसा साफ केला, तेवढ्यात व्हरांड्यातून मडमेने विलायतेहून आणलेलं पांढरं पिल्लू दुडदुडत आलं, गाडीत चढलं आणि घोंगडीवर झोपून गेलं. मडम हरखली. साहेबांनी शशिकांतच्या खांद्यावर हात ठेवला. इतकी सुंदर भेट आजवर कोणी दिली नव्हती, म्हणाले. आणि मेजरला तुझा एवढा लळा लागलाय, त्याला तोडण्याइतका मी दुष्ट नाही, ठेव तुझ्याकडेच. हेडक्लार्कचा विषयही त्यांनीच काढला. त्या जागेवर मुंबईहून माणूस यायचा होता.

शशिकांत "थँक यू सर" म्हणाला. दोनदा म्हणाला.

परतताना मागे गाडी नव्हती, त्यामुळे मेजर चार पावलं चालून बसला. त्याला कॅरिअरवर बांधून शशिकांत सायकल हातात धरून चार मैल चालत आला.

नीलिमा दारात कुंदाला दूधभात भरवत होती.

"गाडी?"

"साहेबांना दिली."

"पैसे?"

"भेट म्हणून."

"आणि हा?"

"हा आपल्याला. भेट म्हणून."

कुंदाच्या हनुवटीवरचं शीत नीलिमाने बोटाने टिपलं आणि पुढचा घास करायला घेतला, पण तो हातातच राहिला. माई उठल्या. आतून ट्रंकेची कडी वाजली. जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं काही तरी घेऊन त्या आल्या.

"हात पुढे कर."

नीलिमाच्या हातात माईंच्या पाटल्या चढल्या. थोड्या सैल होत्या.

"माहेरी सांग, पॉलिश छान झालं," माई म्हणाल्या.

शशिकांत सायकलला टेकला. "माई, या घरात होत्या? मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुला ठाऊक नव्हतं, म्हणून तर आहेत." माईंनी त्याच्या कानावरची पेन्सिल काढून त्याच्याच हातात दिली. "ती सहावी ओळ खोड आणि लिही: माई, दोन पाटल्या."

त्याने लिहिलं. लिहिता लिहिता त्याची नजर नीलिमाच्या मनगटाकडे गेली. "वजनाला बऱ्या दिसतात," तो म्हणाला. "लग्न झालं की मग यांच्यावर जर…"

"शशी, कुत्र्याला फिरवून आण."

दार उघडंच होतं. मेजर चार पावलं चालला, उंबऱ्यात बसला आणि शशिकांतकडे बघत राहिला. शशिकांतने त्याला उचलून घेतलं.